जोरेई आणि सेकाई क्यूसेइक्यो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळहात समोर धरून ‘प्रकाश’ देणाऱ्या जपानी पंथाबद्दल मराठी वाचक अनेक वाटांनी येऊन विचारतात. कुणी नोकरीनिमित्त जपानात राहिलेलं असतं, कुणाच्या कानावर रेकीच्या वर्गात जोरेईचं नाव पडलेलं असतं, तर कुणी नैसर्गिक शेतीबद्दल वाचता वाचता इथवर पोचलेलं असतं. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माहितीबरोबर माझी मतंही यात आहेत. औषधांच्या मुद्द्यावर तर मी मुळीच तटस्थ नाही.

हा पंथ नेमका कोणता?

सेकाई क्यूसेइक्यो हे त्याचं नाव. विसाव्या शतकात जपानात जे अनेक नवे धर्मपंथ निघाले, त्यांपैकी हा एक. जोरेई नावाचा हाताने करायचा शुद्धिविधी, खत-औषधांशिवायची शेती आणि कला-सौंदर्याची उपासना या तीन गोष्टींवर तो उभा आहे. मुख्य केंद्र टोकियोच्या नैऋत्येला समुद्रकाठच्या आतामी शहरात आहे. जपानबाहेर सर्वांत मोठा विस्तार ब्राझीलमध्ये झाला. तिथे तो ‘मेसियानिका’ या नावाने घराघरांत माहीत आहे.

संस्थापक कोण होते?

मोकिची ओकादा. जन्म 23 डिसेंबर 1882, टोकियोच्या आसाकुसा भागात, अगदी गरीब घरात. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. कलाशाळेत प्रवेशही मिळाला होता, पण डोळ्यांच्या आजाराने ते शिक्षण सुटलं. पुढे फुप्फुसांच्या आवरणाला सूज आली, मग क्षय झाला. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा शाकाहाराने आपण बरे झालो अशी त्यांची खात्री झाली. वैद्यकावरचा त्यांचा अविश्वास तिथूनच सुरू होतो.

पण हा माणूस नुसता आजारी स्वप्नाळू नव्हता. बायकांच्या केशभूषेचे दागिने आणि शोभेच्या वस्तू यांचा त्यांचा घाऊक व्यापार चांगला चालत होता. नकली हिऱ्यासारख्या चमकणाऱ्या एका दागिन्याचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं. पहिली पत्नी गेली, मुलं जगली नाहीत. 1920 ची मंदी आली आणि 1923 च्या कान्तो भूकंपाने उरलासुरला धंदाही मोडला. 1920 मध्येच ते ओमोतो या त्या काळच्या जोरदार नव्या पंथात गेले होते. तिथे आत्मे, दैवी संदेश, जगाची पुनर्रचना अशा कल्पना होत्या आणि रोगशांतीचे विधीही होते. ओकादांच्या पुढच्या विचारांचा पाया त्यांतच आहे.

1926 मध्ये आपल्याला साक्षात्कार झाला असं ते सांगत. 15 जून 1931 रोजी चिबामधल्या नोकोगिरी डोंगरावर पहाटेच्या प्रार्थनेत, जगाची ‘रात्र’ संपून ‘दिवस’ सुरू होत असल्याचं त्यांना उमगलं. हा दिवस पंथात आजही मोठ्या उत्सवाने साजरा होतो. 1934 मध्ये त्यांनी ओमोतो सोडला आणि 1 जानेवारी 1935 ला ‘दाई निप्पोन कान्नोन काई’ ही स्वतःची संघटना काढली. अनुयायी त्यांना मेइशू-सामा म्हणतात. 10 फेब्रुवारी 1955 ला ते वारले. त्यानंतर पत्नी योशी आणि पुढे मुलगी इत्सुकी यांनी पंथाचं नेतृत्व केलं.

कान्नोन म्हणजे आपले अवलोकितेश्वरच का?

हो. करुणेचे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानात पोचले आणि तिथे कान्नोन झाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हे त्यांचंच रूप. मुंबईजवळ कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात त्यांची अकरा मुखांची मूर्ती आहे, आणि हेच अकरामुखी रूप जपानी देवळांतही पूजलं जातं. ओकादा सुरुवातीला आपल्या कार्यामागची शक्ती कान्नोनची आहे असं सांगत आणि कान्नोनची चित्रं स्वतः काढून अनुयायांना देत. युद्धानंतर त्यांची भाषा बदलली, कान्नोन मागे पडला आणि जगाच्या तारणहाराची कल्पना पुढे आली. हा बदल लक्षात ठेवा. परदेशात, विशेषतः ख्रिस्ती देशांत, याच बदलाने वाट सोपी केली.

जोरेई देतात म्हणजे प्रत्यक्ष काय करतात?

दोन माणसं समोरासमोर बसतात. आधी एकमेकांना वाकून नमस्कार, मग छोटी प्रार्थना. देणारा आपला तळहात घेणाऱ्याच्या दिशेने उचलतो. हात अंगाला लावायचा नसतो, मध्ये वीतभर किंवा त्याहून जास्त अंतर असतं. आधी कपाळ, मग छाती, पोट. त्यानंतर घेणारा पाठ फिरवतो आणि डोक्याचा मागचा भाग, मान, खांदे, पाठ, कंबर असं चालतं. मनगट आणि खांदा सैल ठेवायचे, जोर लावायचा नाही, हे शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगतात. दहा ते वीस मिनिटांत सगळं आटोपतं. शेवटी पुन्हा नमस्कार आणि आभार. घेणाऱ्याने विश्वास ठेवलाच पाहिजे अशी अट नाही. लहान बाळांना, झोपलेल्या आजाऱ्यांना, झाडांनासुद्धा देतात.

जोरेई देता यावं म्हणून सदस्याला गळ्यात घालायचं एक पदक मिळतं. त्याला ओहिकारी म्हणतात. ओकादांच्या काळात ते स्वतः कुंचल्याने ‘प्रकाश’ हे अक्षर कागदावर लिहीत. तो कागद घडी करून लहान पिशवीत घातला जाई आणि सदस्य तो छातीशी बाळगत. देवाचा प्रकाश या अक्षरातून देणाऱ्याच्या हातात येतो, देणारा फक्त वाहिनी आहे, अशी श्रद्धा.

या पंथाच्या यशाचं मर्म माझ्या मते इथेच आहे. सुरुवातीच्या नव्या पंथांत रोगशांतीची शक्ती बहुधा एखाद्या सिद्ध व्यक्तीकडे असे आणि लोक तिच्या दारात रांगा लावत. ओकादांनी ती शक्ती थोडक्या शिकवणीनंतर प्रत्येक सदस्याच्या हाती दिली. काल जी बाई स्वतःच्या डोकेदुखीसाठी आली, ती महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्यासमोर हात धरून बसलेली असते. रुग्णाचा उपचारक होतो, आणि आपल्या हातून कुणाचं तरी भलं होतंय ही भावना माणसाला धरून ठेवते. जगाच्या रात्री-दिवसाचं तत्त्वज्ञान ब्राझीलमध्ये, तिथल्या पोर्तुगीज भाषेत समजावणं अवघड होतं. हात उचलून बसायला भाषा फारशी लागत नाही.

जोरेई आणि रेकी एकच का?

नाही. मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये टोकियोत रेकीची संस्था काढली. हवाईतल्या हावायो ताकाता यांनी ती 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजूला नेली. आज पुण्या-मुंबईत शिकवली जाते ती बहुतेक त्याच परंपरेतली. रेकीत हात सहसा अंगावर ठेवतात. ती पद्धत म्हणून शिकवली जाते, तिच्यामागे देऊळ, पूर्वजपूजा, वार्षिक उत्सव किंवा सदस्यत्व नसतं. जोरेई हा धर्मविधी आहे. दोन्ही निघाल्या त्याच वातावरणात, जेव्हा जपानी शहरांत हाताने उपचार करणारे शेकडो लोक आणि मंडळं होती. त्यामुळे साम्य दिसणारच.

आजाराबद्दल त्यांची शिकवण काय?

आत्मा आधी, शरीर नंतर, हे पहिलं सूत्र. आपल्या आणि पूर्वजांच्या चुकांमुळे आत्म्यावर मळभ साचतं, त्याचंच प्रतिबिंब म्हणून शरीरात विषद्रव्यं गोळा होतात. ती बाहेर टाकण्याची निसर्गाची धडपड म्हणजे आजार. ताप, सर्दी, जुलाब, पू या सगळ्या शुद्धीच्या क्रिया, म्हणून स्वागतार्ह. जोरेई मळभ विरघळवते आणि शुद्धी सोपी करते. औषधं मात्र शुद्धी दाबतात, स्वतःच विष होऊन शरीरात राहतात आणि पुढच्या आजाराचं बी पेरतात, असं ओकादांनी फार जोरकसपणे मांडलं.

हे कधी मांडलं तेही बघायला हवं. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून 1950 पर्यंत जपानात क्षय हा सर्वाधिक बळी घेणारा आजार होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध युद्धानंतर आलं, तेही सुरुवातीला महाग आणि दुर्मिळ. त्याआधी क्षयरोग्याच्या घरात डॉक्टरकडे सांगण्यासारखं फारसं काही नसे. शेजारी तोंड फिरवत. अशा घरात कुणी रोज येऊन, न घाबरता, रोग्यासमोर बसत असेल तर त्या घराने त्याला देव का मानलं हे मला पूर्ण समजतं.

मग खरंच बरं वाटतं का?

अनेकांना वाटतं, आणि ते खोटं बोलत नसतात. वीस मिनिटं कुणीतरी आपल्यासाठी शांत बसलंय, घाई नाही, उपदेश नाही. ताण उतरतो, दुखणं सुसह्य होतं, झोप लागते. बरेच आजार आपोआपही ओसरतात.

पण जोरेईने कर्करोग, मधुमेह, क्षय किंवा इतर कोणताही रोग बरा होतो याला वैद्यकाने मान्य करावा असा पुरावा नाही. शिवाय शिकवणीच्या रचनेतच एक सापळा आहे. बरं वाटलं तर जोरेईचा गुण आणि बिघडलं तर शुद्धी चालू आहे. ताप चढला तरी आनंदाची बातमी. ज्या विचारात कोणताही परिणाम विरुद्ध जाऊच शकत नाही, त्यात रोगी खरोखर खालावत असताना धोक्याची घंटा वाजायची कधी?

औषधं बंद करायला सांगतात का?

आजची अधिकृत भूमिका तशी नाही. बहुतेक देशांतली केंद्रं जोरेई वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही, डॉक्टरांकडे जा, असं सांगतात. जपानात ओकादांच्या नावाने चालणाऱ्या एमओए या संस्थेने तर पदवीधर डॉक्टर आणि ही पद्धत एका छपराखाली आणणारे दवाखाने काढले आहेत.

तरीही ओकादांचं लिखाण धर्मग्रंथ म्हणून वाचलं जातं आणि त्यात औषध म्हणजे विष हे जागोजाग आहे. कुणी तोंडाने ‘गोळी बंद करा’ म्हटलं नाही तरी नव्या, उत्साही सदस्याला गोळी घेताना अपराधी वाटू लागतं. धोका तिथे आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, फिट्सची औषधं, क्षयाचा कोर्स, मनोविकाराची औषधं आणि मुलांच्या लसी यांतलं काहीही कोणत्याही जोरेईच्या भरवशावर थांबवू नका. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडला तर औषधांना दाद न देणारा क्षय होतो आणि तो घरातल्या इतरांनाही लागू शकतो. अमुक सत्रांनंतर औषधाची गरज राहणार नाही असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यावं.

युद्धापूर्वी जपानी पोलीस यांच्या मागे का होते?

त्या वेळी राज्याश्रित शिंतो, म्हणजे जपानचा पारंपरिक धर्म, सोडून स्वतःची विश्वरचना सांगणारा कुणीही संशयित होता. डिसेंबर 1935 मध्ये सरकारने ओमोतोवर घाला घातला, नेत्यांना पकडलं, त्यांची मंदिरं सुरुंग लावून उडवली. ओकादा नुकतेच तिथून बाहेर पडले होते. त्यांच्यावर दुहेरी नजर होती: धर्म सांगतात म्हणून आणि परवान्याशिवाय उपचार करतात म्हणून. कधी त्यांनी धर्म बाजूला ठेवून फक्त उपचार केले, कधी उपचारांवर बंदी आली. 1944 मध्ये ते हाकोनेला राहायला गेले.

युद्धानंतर धर्मस्वातंत्र्य आलं आणि दार उघडलं. 1947 मध्ये पंथाची नोंदणी झाली, 4 फेब्रुवारी 1950 ला ‘सेकाई मेशिया-क्यो’ नावाने तो नव्याने उभा राहिला आणि पुढे आजचं नाव पडलं. मात्र त्याच 1950 च्या मे महिन्यात आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून ओकादांना अटक झाली. काही आठवडे कोठडीत काढून ते बाहेर आले, तेव्हा वय सदुसष्ट होतं आणि प्रकृती ढासळली होती. अनुयायी याला छळ म्हणतात. त्या काळची वृत्तपत्रं नव्या पंथांबद्दल सहानुभूतीने लिहीत नव्हती हे खरं. पैशाचे हिशेब चोख नसणं हीही त्या काळच्या अनेक पंथांची गोष्ट होती.

परदेशात पहिलं पाऊल कुठे पडलं?

हवाईत, 1953 मध्ये. कियोको हिगुची या महिला प्रचारक तिथे गेल्या आणि लवकरच काम अमेरिकेच्या मुख्य भूमीवरही सुरू झालं. हवाईत जपानी मजुरांच्या वसाहती पिढ्यान्‌पिढ्या होत्या, तिथून सुरुवात होणं साहजिक होतं. पण अमेरिकेत पंथ लहानच राहिला. मोठी झेप दक्षिणेकडे होती.

ब्राझीलमध्येच एवढा का वाढला?

18 जून 1908 रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज कॉफीच्या मळ्यांवर राबायला आलेली जपानी कुटुंबं घेऊन सांतोस बंदरात लागलं. आज जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वाधिक लोक ब्राझीलमध्ये आहेत. त्यांच्यामागून जपानी पंथही गेले. बहुतेक पंथ जपानी कुटुंबांपुरते राहिले, आजी-आजोबा गेले तसे आटले. क्यूसेइक्योचे प्रचारक 1955 मध्ये पोचले आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांचंही तसंच चाललं होतं. पण आज तिथल्या सदस्यांत जपानी वंशाचे लोक अल्पसंख्य आहेत.

एक कारण ब्राझीलच्या स्वभावातच आहे. तिथे कॅथलिक असतानाच आत्म्यांशी बोलणाऱ्या मंडळांत जाणं नवल नाही. ॲलन कार्देक यांच्या फ्रेंच आत्मवादाने तिथे खोल मूळ धरलं आहे आणि त्या केंद्रांत ‘पासे’ नावाचा हात फिरवून शक्ती देण्याचा विधी रोज होतो. आफ्रिकी मुळं असलेले उंबांदासारखे पंथही आहेत. पूर्वजांचे आत्मे, अदृश्य शक्ती, हाताने शुद्धी यांतलं काहीच ब्राझिलियन माणसाला परकं नव्हतं. जोरेई त्याला ओळखीची वाटली, शिवाय जपानी टापटीप आणि शिस्त यांची प्रतिष्ठाही तिच्यामागे होती.

दुसरं कारण माणसांचं. 1962 मध्ये तेत्सुओ वातानाबे हे तरुण प्रचारक ब्राझीलला आले आणि पुढची अनेक दशकं त्यांनी तिथल्या संघटनेला आकार दिला. सभा पोर्तुगीजमध्ये, पुजारी ब्राझिलियन, नेतृत्वाच्या जागा जपानी नसलेल्यांनाही. पूर्वजांचा वार्षिक विधी त्यांनी 2 नोव्हेंबरला ठेवला. कॅथलिक देशात त्या दिवशी सगळेच मृतांची आठवण करतात, कबरींवर फुलं वाहतात. म्हणजे जपानी पूर्वजपूजा त्या समाजाच्या स्वतःच्या सुतकी दिवसात सामावून गेली. ‘अमात्सु नोरितो’ ही शिंतो प्रार्थना मात्र आजही जपानीतच म्हणतात. साओ पाउलोतली सुतारकाम करणारी, शाळेत शिकवणारी माणसं ती तोंडपाठ म्हणतात, जसं आपल्याकडे संस्कृत न येणारा माणूस अथर्वशीर्ष म्हणतो.

तिसरं म्हणजे दिसणारं काम. 1971 मध्ये मोकिची ओकादांच्या नावाने प्रतिष्ठान निघालं. सांगेत्सु शैलीची इकेबाना (जपानी पुष्परचना) शिकवणारे वर्ग निघाले आणि सदस्य रुग्णालयांत, कचेऱ्यांत, रस्त्यावरच्या लोकांना एक-दोन फुलांच्या छोट्या रचना वाटू लागले. 1995 मध्ये साओ पाउलोच्या दक्षिणेला ग्वारापिरांगा जलाशयाच्या काठी ‘सोलो साग्रादो’ हे विस्तीर्ण उपासनास्थळ उघडलं. पंथाच्या समजुतीनुसार हा पृथ्वीवरच्या स्वर्गाचा नमुना. जे लोक पंथाचे नाहीत तेही बागा बघायला रविवारी जातात.

आफ्रिकेत हा पंथ जपान्यांनी नेला का?

प्रामुख्याने ब्राझिलियनांनी. 1990 च्या दशकात अंगोला आणि मोझांबिक या पोर्तुगीजभाषक देशांत काम उभं राहिलं. अंगोलात यादवी युद्ध 2002 पर्यंत चालू होतं. दवाखाने मोडलेले, माणसं आपली गमावलेली. तिथे ना औषधं लागणारा, ना वीज लागणारा विधी रुजला यात नवल काय? म्हणजे टोकियोत जन्मलेली गोष्ट साओ पाउलोत पोर्तुगीज शिकली आणि अंगोलाच्या राजधानीत, लुआंडाला गेली. जपानी धर्माचा प्रसार म्हटलं की आपण टोकियोहून निघणाऱ्या बाणांचा नकाशा डोळ्यांपुढे आणतो. इथे तो नकाशा चुकतो, आणि म्हणूनच मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आणि आशियात?

थायलंड. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे काम आहे. बौद्ध देशात पंथाने स्वतःला धर्म म्हणून फारसं पुढे केलं नाही, जोरेई आणि शेती पुढे केली. साराबुरी प्रांतात त्यांचं नैसर्गिक शेतीचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शेतकऱ्यांबरोबर सरकारी कर्मचारीही शिकायला येतात.

त्यांची नैसर्गिक शेती म्हणजे फुकुओकांची का? पाळेकरांशी संबंध आहे?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. ओकादांनी 1930 च्या दशकात, रासायनिक खतांचा सुळसुळाट होण्याआधीच, मातीत स्वतःची शक्ती असते आणि खत तिला आळशी करतं असं मांडलं. त्यांनी शेणखतही नाकारलं. चालतो तो फक्त पालापाचोळ्याचा, गवताचा कुजलेला थर, तोही माती मोकळी आणि ओली ठेवण्यासाठी. मासानोबू फुकुओका हे शिकोकू बेटावरचे शेतकरी, त्यांची वाट स्वतंत्र आणि ती कुठल्याही पंथाशी जोडलेली नव्हती. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत देशी गाईचं शेण आणि गोमूत्र यांचं जीवामृत मध्यवर्ती आहे. ओकादांच्या कडक नियमात ते बसणार नाही.

आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत मिळणाऱ्या ‘ईएम’ द्रावणाशी मात्र नातं आहे. ओकिनावाच्या र्यूक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी हे सूक्ष्मजीवांचं मिश्रण तयार केलं. क्यूसेइ नैसर्गिक शेतीच्या केंद्रांनी आणि परिषदांनी ते जगभर नेलं. 1989 मध्ये थायलंडच्या खोन केनला अशी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ईएमच्या सर्वच दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. कंपोस्ट लवकर होण्यासारख्या साध्या उपयोगापलीकडे कुणी चमत्कार सांगू लागला तर आधी एका वाफ्यावर करून बघावं.

शेतीबद्दल मला आदर आहे. ब्राझीलमध्ये या पंथाच्या लोकांनी कोरिन नावाची कंपनी काढली आणि प्रतिजैविकं व वाढीची औषधं न देता वाढवलेली कोंबडी दुकानांत आणली, तेव्हा त्या देशात हा विचार नवा होता. कोंबड्यांना सरसकट प्रतिजैविकं दिल्याने औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात हे आज सारं जग मान्य करतं. औषधांबद्दलच्या ज्या टोकाच्या संशयाने आजारी माणसाचं नुकसान होऊ शकतं, त्यानेच पोल्ट्रीत भलं केलं.

माहिकारी आणि शुमेइ हे याच पंथाचे भाग आहेत का?

त्याच झाडाच्या, पण तुटून वेगळ्या वाढलेल्या फांद्या. शिन्जी शुमेइकाई 1970 मध्ये मिहोको कोयामा यांनी वेगळा केला. जोरेई, शेती, कला ही तिन्ही सूत्रं तिथेही आहेत.

माहिकारी अधिक वेगळा. कोतामा ओकादा (1901 ते 1974) हे पूर्वी सैन्यात अधिकारी होते आणि काही काळ क्यूसेइक्योत होते. आडनाव सारखं असलं तरी ते मोकिची ओकादांचे नातेवाईक नव्हेत. 1959 मध्ये साक्षात्कार झाल्याचं सांगून त्यांनी स्वतःचा पंथ काढला. त्यांच्या मृत्यूनंतर वारशावरून भांडण न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये त्यांची कन्या केइशू यांच्या नेतृत्वाखाली सुक्यो माहिकारी निघाला. ताकायामा शहरात त्याचं सोनेरी छपराचं प्रचंड मंदिर आहे. तीन दिवसांचा प्राथमिक वर्ग केला की ‘ओमितामा’ हे पदक मिळतं. ते भिजवायचं नाही, जमिनीला लागू द्यायचं नाही, असे कडक नियम आहेत. आत्मा अंगात येणं, त्याला प्रश्न विचारणं, त्याला शांत करणं यांवर तिथे जास्त भर आहे. फ्रेंचभाषक आफ्रिका, युरोप, कॅरिबियन आणि ऑस्ट्रेलियात त्याचा प्रसार झाला. युरोपात त्याच्यावर टीकाही बरीच झाली.

क्यूसेइक्योतही 1980 च्या दशकात मोठी फूट पडली. पुढे सगळे कागदोपत्री एका छत्राखाली आले, तरी इझुनोमे, तोहो-नो-हिकारी असे गट आपापली केंद्रं चालवत राहिले. म्हणून एकाच शहरात जोरेईची दोन केंद्रं दिसली आणि ती एकमेकांना ओळखतही नसली तरी गोंधळू नका.

ओम शिनरिक्योशी याचा काही संबंध?

नाही. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडणारा ओम हा वेगळाच पंथ होता, त्याची मुळं योग आणि तिबेटी बौद्ध कल्पनांच्या मिश्रणात होती. पण त्या घटनेने जपानात सगळ्याच नव्या पंथांकडे बघण्याची नजर बदलली. त्याच वर्षी धार्मिक संस्थांचा कायदा कडक झाला. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर भीती घालून देणग्या उकळण्याविरुद्ध आणखी एक कायदा आला. तरुण जपानी माणूस आज अशा केंद्रात सहसा पाऊल टाकत नाही.

स्वतःचा धर्म सोडावा लागतो का? पैसे किती लागतात?

जोरेई घ्यायला कुठलाच धर्म सोडावा लागत नाही आणि बहुतेक केंद्रांत ती घेण्याला ठरावीक फी नसते. कृतज्ञता म्हणून पाकिटात ऐच्छिक रक्कम ठेवतात. सदस्य झालं की गणित बदलतं: पदकासाठीची रक्कम, मासिक अर्पण, पूर्वजांच्या विधीचं अर्पण, बांधकामाचा निधी. देणगी दिल्याने आत्म्यावरचं मळभ कमी होतं अशी शिकवण असेल, तर ‘ऐच्छिक’ किती ऐच्छिक राहतं ते ज्याचं त्याने ठरवावं. कर्ज काढून देऊ नये, घरच्यांना न सांगता देऊ नये.

आपला कायदा अशा उपचारांबद्दल काय म्हणतो?

प्रार्थनेला किंवा हात समोर धरण्याला बंदी नाही. रोग बरा करण्याच्या जाहिरातीला मात्र आहे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरचा 1954 चा केंद्रीय कायदा तावीज, मंत्र, कवच यांची नावं घेऊन सांगतो की मधुमेह, कर्करोग यांसारखे यादीतले रोग त्याने बरे होतात अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं. जपानी, तिबेटी की गावठी, कायद्याला फरक पडत नाही.

घरातलं कुणी यात गुंतलं असेल तर काय करावं?

टिंगल करू नका. बहुतेक जण एकटेपणातून किंवा लांबलेल्या आजारपणातून तिथे गेलेले असतात आणि त्यांना तिथे माणसं भेटलेली असतात. टिंगल केली की ते घरापासून आणखी दूर आणि केंद्राच्या आणखी जवळ जातात. एकदा त्यांच्याबरोबर जा, बघा, चहा घ्या. औषधांच्या गोळ्या मोजत राहा, तपासणीच्या तारखा तुम्हीच लक्षात ठेवा. बँकेतून पैसे कुठे जातात ते विचारा. श्रद्धेवर वाद घालण्यापेक्षा ‘जोरेई घे, पण आठ वाजताची गोळीही घे’ हा तह जास्त टिकतो.

जपानला जाणार आहे. यातलं काही बघता येईल का?

जरूर बघा, सदस्य असण्याची गरज नाही. टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत आतामी येतं. स्टेशनवरून बसने डोंगरावर गेलं की एमओए कलासंग्रहालय. सरकत्या जिन्यांच्या लांबलचक बोगद्यातून वर चढावं लागतं. 1982 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात चित्रकार ओगाता कोरिन यांचा ‘लाल आणि पांढरी प्लमची झाडं’ हा दोन पडद्यांचा राष्ट्रीय ठेवा आहे. मधून काळसर नदी वळत जाते आणि दोन बाजूंना दोन झाडं. तो वर्षभर मांडलेला नसतो, प्लम फुलतात त्या सुमारास, बहुधा फेब्रुवारीत दाखवतात, म्हणून तारीख बघूनच तिकीट काढा. कुंभार निन्सेइ यांची, विस्टेरियाच्या वेलीचं चित्र असलेली चहाची बरणीही चुकवू नका. हाकोनेमध्ये गोरा इथे 1952 मध्ये ओकादांनी स्वतः उभारलेलं छोटं कलासंग्रहालय आहे. त्याची शेवाळाची बाग जून-जुलैत किंवा शरद ऋतूत पाहावी. क्योतोच्या बाजूला जात असाल तर शिगाराकीच्या डोंगरात शुमेइ पंथाचं मिहो म्युझियम आहे, 1997 चं, आय. एम. पेइ यांनी रचलेलं. तिथे बोगदा आणि झुलता पूल ओलांडून पोचावं लागतं. हिवाळ्यात ते बरेच दिवस बंद असतं.